लग्नाचा केक: आधी सांगाडा, मग साज

या वेळी आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डिझाइन आधी पक्कं होतं आणि पाहुणे किती, केक कुठे मांडायचा, तिथे ऊन येतं का, गाडीतून किती लांब न्यायचा, हे सगळं नंतर विचारलं जातं. हा क्रम उलटा केला तर निम्म्या अडचणी येणारच नाहीत, असं आमचं ठाम मत आहे. उत्तरांतही तोच क्रम ठेवलाय.

प्रश्न: एका फोटोतला पाच टिअरचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पाच मजल्यांचा, केक मुलीला फार आवडलाय. पाहुणे साधारण १२० आहेत. इतका मोठा केक वाया जाईल का? आणि प्रत्येक टिअर खरा असायलाच हवा का?

नाही. केकची उंची आणि केकचं वाढप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लग्नाच्या केकचा तुकडा वाढदिवसाच्या तुकड्यापेक्षा लहान धरतात: १ इंच रुंद, २ इंच लांब आणि टिअरच्या उंचीइतका, म्हणजे ४ इंच उंच. या मापाने ६ इंची गोल टिअरमधून १२, ८ इंचीतून २४, १० इंचीतून ३८ आणि १२ इंचीतून ५६ तुकडे निघतात. ८, १० आणि १२ इंची टिअर मिळूनच ११८ झाले. वरचे ६ आणि ४ इंची टिअर थर्माकोलचे करा. फोटोत फरक दिसत नाही आणि वरचं वजन घटल्यामुळे केक जास्त स्थिर उभा राहतो. कमी पडण्याची धास्ती असेल तर त्याच चवीचा ९ बाय १३ इंचांचा एक साधा चौकोनी केक आत ठेवा. २ इंची चौकोन कापले तर त्यातून आणखी २४ तुकडे निघतात.

थर्माकोलमुळे बेकिंग आणि वजन वाचतं, सजावटीची मेहनत मात्र तेवढीच लागते. त्याची कड धारदार असते आणि फॉन्डंट (पोळीसारखं लाटून केकवर चढवायचं साखरेचं आवरण) नेमका तिथेच चिरतो. म्हणून बारीक सँडपेपरने कड किंचित गोल करा, भुगा नीट पुसा, पाण्याचा अगदी हलका हात फिरवा आणि मगच फॉन्डंट चढवा. बसवताना खाली रॉयल आयसिंगचा (वाळल्यावर कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाचा) जाड ठिपका द्या, कारण हलका टिअर नुसता ठेवला तर धक्क्याने सरकतो. सुरी कोणत्या टिअरला लावायची हे वधूवरांना आधी सांगून ठेवा.

फोटोतल्या केकवर टिअरच्या कडेला फुलं असतील तर आणखी एक माप बघा. ८ इंचीवर ६ इंची ठेवला तर सगळीकडून फक्त १ इंचाची पायरी उरते. त्यावर मोठा गुलाब बसत नाही, तो लटकतो. भरगच्च फुलं हवी असतील तर दोन टिअरच्या व्यासात ४ इंचांचा फरक ठेवा. सगळ्याच टिअरना तो जमला नाही तर जिथे फुलांचा मुख्य गुच्छ यायचाय तिथे तरी ठेवा.

प्रश्न: घरी दोन टिअरचा केक केला. वरचा टिअर काही तासांत खाली रुतला आणि एका बाजूला कलला. स्पंज तर चांगला घट्ट होता. चुकलं कुठे?

स्पंज कितीही घट्ट असला तरी वरच्या टिअरचं वजन पेलणं हे त्याचं काम नाही. वजन वरच्या टिअरखालच्या बोर्डवर, तिथून डॉवेलवर (केकमध्ये उभ्या घातलेल्या आधाराच्या काड्यांवर) आणि डॉवेलमधून थेट खालच्या बोर्डवर उतरायला हवं. ही साखळी कुठेतरी तुटली असणार.

पहिल्यांदा बोर्ड तपासा. प्रत्येक टिअरखाली त्याच्याच व्यासाचा स्वतंत्र बोर्ड हवा. साधा पन्हाळी पुठ्ठा ओलावा शोषून वाकतो, म्हणून कडक बोर्ड घ्या किंवा दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटवून वरून ओलावा न शिरणारा, खाद्यपदार्थांना चालणारा कागद लावा.

मग डॉवेल. ६ इंची टिअरखाली ४, ८ इंचीखाली ५ ते ६, १० इंचीखाली ६ ते ८ लागतात. वरच्या टिअरच्या मापाचा रिकामा बोर्ड खालच्या केकवर मधोमध ठेवा, टूथपिकने त्याची कड आखा आणि डॉवेल त्या रेषेच्या साधारण १ इंच आत, सारख्या अंतरावर घाला. बाहेर राहिलेला डॉवेल काहीच पेलत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती डॉवेल कापताना. बरेच जण प्रत्येक डॉवेल त्याच्या त्याच्या जागी घालून आयसिंगच्या पातळीला खूण करतात आणि तसा कापतात. केकचा माथा जरासा जरी उतरता असेल तर तो उतार डॉवेलमध्येही उतरतो आणि वरचा टिअर कललेलाच बसतो. त्यासाठी माथा आधी स्पिरिट लेव्हलने (सपाटी दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या पट्टीने) तपासून सपाट करून घ्या. एकच डॉवेल तळाच्या बोर्डला टेकेपर्यंत घाला, खूण करा, बाहेर काढून कापा आणि बाकीचे सगळे त्याच मापाने कापा. एक जरी डॉवेल दोन-तीन मिलिमीटर आखूड राहिला तरी त्या बाजूचं वजन स्पंजवर येतं आणि तुमच्याकडे झालं तसंच होतं. सगळे सारखेच जरा वर डोकावत असतील तर हरकत नाही. ती फट बटरक्रीमच्या (लोणी आणि साखर फेटून केलेल्या क्रीमच्या) बारीक किनारीने झाकता येते.

हलक्या दोन टिअरसाठी जाड, रुंद स्ट्रॉ चालतात. तीन किंवा त्याहून जास्त टिअर असतील तर लाकडी किंवा कडक प्लास्टिकचे डॉवेलच वापरा. शिवाय पेन्सिलीसारखं टोक काढलेला एक लांब डॉवेल वरून तळापर्यंत मधोमध ठोका. तो वजन पेलत नाही, टिअरना बाजूला सरकू देत नाही. बोर्डना मधोमध भोकं केक बांधण्याआधीच पाडून ठेवा. सजवलेल्या केकमधून पुठ्ठा फोडायला गेलात तर सगळं आयसिंग तडकेल.

प्रश्न: फॉन्डंट कडेला चिरतो, बाजूंना चुण्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी मध्येच फुगवटे येतात. ब्रँड बदलून पाहिला, फरक पडला नाही.

ब्रँडचा दोष नसावा. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

चिरण्याचं कारण बहुधा जाडी किंवा कोरडेपणा. फॉन्डंट ३ ते ४ मिलिमीटर जाड लाटा. चिकटू नये म्हणून कॉर्नफ्लोअर भुरभुरत राहिलात तर तो कोरडा पडून त्यावर बारीक भेगांची जाळी उठते. त्याऐवजी पांढरं व्हेजिटेबल शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखं घट्ट तेल) हाताला चोळा आणि मळताना तेच वापरा. लाटलेला फॉन्डंट उघडा पडू देऊ नका. केकवर टाकल्याबरोबर आधी वरची कड सगळीकडून हाताने चिकटवून घ्या. तसं केलं नाही तर खाली लोंबणारा भाग स्वतःच्या वजनाने ताणतो आणि कडेलाच फाटतो.

चुणी पडली तर ती दाबून दुमडू नका. एका हाताने खालचा घोळ बाहेर ओढून मोकळा करा आणि दुसऱ्या हाताने वरून खाली चिकटवत या. घोळ पुरेसा असला तरच हे जमतं, म्हणून लाटतानाच हिशेब करा: व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची. ८ इंच व्यास आणि ४ इंच उंची असेल तर १६ इंच, वर हाताळायला २ इंच, म्हणजे १८ इंची पोळी. ४ इंच उंच गोल टिअरला साधारण इतका फॉन्डंट लागतो: ६ इंचीला ५०० ग्रॅम, ८ इंचीला ७०० ग्रॅम, १० इंचीला १ किलो, १२ इंचीला १.४ किलो. लाटायला घेताना थोडा जास्तच घ्या, उरलेला परत वापरता येतो.

फुगवट्याचं मूळ मात्र आतमध्ये असतं. थर भरून लगेच फॉन्डंट चढवला की केक रात्रभरात आपल्या वजनाने बसतो, आतली हवा बाहेर पडते, सारण कडेने दाबलं जातं आणि फॉन्डंट पोटासारखा पुढे येतो. उपाय वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. प्रत्येक थरावर कडेने घट्ट बटरक्रीमचा बांध घाला आणि सारण त्याच्या आत, बांधापेक्षा जरा खालीच भरा. भरलेला केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, वर सपाट हलकं वजन ठेवून रात्रभर बसू द्या आणि मगच बाहेरचा लेप द्या. तरीही हवेचा बुडबुडा आला तर बारीक टाचणी तिरपी टोचून बोटाने हवा काढा आणि स्मूदर (फॉन्डंट गुळगुळीत करायची सपाट पट्टी) फिरवा.

फॉन्डंटखाली फेटलेलं क्रीम कधीच नको. त्यातल्या पाण्याने फॉन्डंट विरघळू लागतो. लेप गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा) किंवा घट्ट बटरक्रीमचाच हवा. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटवर घाम येतो तेव्हा त्याला हात लावू नका आणि पुसूही नका. बोट लागलं की डाग कायमचा राहतो. केक बंद खोक्यातच फ्रिजबाहेर काढा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत खोका उघडू नका, म्हणजे बराचसा ओलावा खोक्यावर जमतो.

प्रश्न: लग्न उघड्यावर, उन्हाळ्यात, दुपारी आहे. पण केक बटरक्रीमचाच हवाय.

सावलीत पारा २८ ते ३० अंशांवर जाणार असेल तर बटरक्रीमचा केक बाहेर मांडू नका. लोणी या तापमानाला इतकं मऊ होतं की फुलांच्या पाकळ्या आधी बसतात आणि मग अख्खी बाजू घसरते. लोण्याऐवजी निम्मं पांढरं शॉर्टनिंग वापरलं तर थोडा वेळ मिळतो, पण तोंडाला मेणचट थर लागतो. आम्ही तो मार्ग सुचवणार नाही.

त्यापेक्षा गनाश आणि त्यावर फॉन्डंट बरा. लेपासाठी वजनाने डार्क चॉकलेट २ भाग आणि क्रीम १ भाग. मिल्क किंवा व्हाइट चॉकलेट असेल तर ३ भागांना १. फार उष्म्यात व्हाइटचं प्रमाण ४ भागांपर्यंत न्या. क्रीमला उकळी फुटू लागली की चॉकलेटच्या बारीक तुकड्यांवर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मधून बाहेर हळू ढवळा. तूप सुटल्यासारखं दिसलं तर ते फाटलंय. एकेक चमचा कोमट दूध घालून हँड ब्लेंडर फिरवलं की बहुतेक वेळा परत जुळून येतं. गनाश रात्रभर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते लोण्यासारखं पसरतं.

संध्याकाळ असेल किंवा केक थंड खोलीत मांडता येणार असेल तर स्विस मेरिंग बटरक्रीम जरूर करा. अंड्याचा पांढरा भाग १५० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ४५० ग्रॅम. पांढरा भाग आणि साखर वाफेवर ढवळत ७१ अंशांपर्यंत न्या, मग मेरिंग (हा अंड्याचा फेस) घट्ट आणि भांडं हाताला अजिबात गरम न लागेपर्यंत फेटा. मऊ पण न वितळलेलं लोणी थोडं थोडं घाला. मध्येच मिश्रण दही फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नका, लोणी गार होतं एवढाच त्याचा अर्थ, फेटत राहा. पातळ पाण्यासारखं झालं तर उलट गरम आहे. भांडं १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि परत फेटा.

प्रश्न: केकवर खरी फुलं लावायची आहेत. फुलवाल्याकडची चालतील का?

सरसकट नाहीत. इथे दोन धोके आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

एक म्हणजे फूलच विषारी असणं. लिली ऑफ द व्हॅली, कण्हेर, डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, हायड्रेंजिया आणि कॅला लिली केकवर नकोतच, नुसती टेकवूनसुद्धा नकोत. यातली काही लग्नाच्या गुच्छात नेहमी असतात, म्हणून गुच्छाशी जुळवण्याच्या नादात ती केकवर येतात. दुसरा धोका फवारणीचा. शोभेसाठी वाढवलेल्या फुलांवर खाण्याच्या वस्तूवर चालणार नाहीत अशी कीटकनाशकं मारलेली असू शकतात आणि धुतल्याने ती पूर्ण जात नाहीत. खाण्यासाठी म्हणून वाढवलेले गुलाब, पॅन्सी, व्हायोला, कॅलेंड्युला, कॉर्नफ्लॉवर घ्या.

बिनविषारी फुलाचा देठही थेट केकमध्ये खुपसू नका. देठ ओलसर कापसाऐवजी फ्लोरल टेपने घट्ट गुंडाळा, तळ बंद केलेल्या स्ट्रॉमध्ये किंवा फुलांसाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत घाला आणि ती नळी केकमध्ये रोवा. साखरेच्या फुलांच्या तारांनाही हाच नियम. फुलं शेवटच्या एक-दोन तासांतच लावा.

२०१८ मध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांच्या लग्नात लिंबू आणि एल्डरफ्लॉवरच्या चवीचा, स्विस मेरिंग बटरक्रीमचा आणि ताज्या फुलांचा केक होता. तेव्हापासून तसाच केक मागणारे पुष्कळ आहेत. तो केक राजवाड्याच्या आत, मे महिन्यातल्या, इंग्लंडमधल्या विंडसरच्या हवेत मांडला होता, हे लक्षात घेऊनच तो मागा. ताज्या फुलांची खात्री नसेल तर साखरेची फुलं करा. २५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये साधारण १ चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाद्य पावडर) मळली की पाकळ्या कागदासारख्या पातळ लाटता येतात आणि वाळल्यावर आकार धरून राहतात. वाळायला एक-दोन दिवस द्या. दमट हवेत आणखी वेळ लागतो आणि फ्रिजमध्ये ठेवलीत तर ती मऊ पडून मान टाकतात.

प्रश्न: केक अंड्याशिवाय हवाय. तीन टिअर उभे राहतील? आणि क्रीमचं काय करायचं?

उभे राहतील. भार डॉवेलवर असतो, हे वर आलंच आहे. अडचण वेगळी आहे: अंड्याचा आधार नसल्यामुळे हा स्पंज हलवताना तुटतो आणि कापताना भुगा होतो. एक जाड केक आडवा कापण्याऐवजी प्रत्येक थर वेगळ्या उथळ टिनमध्ये भाजा, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या आणि मगच हात लावा. पाकाचा हात हलकाच फिरवा. ताज्या फळांचं पाणी सुटणारं सारण नको.

क्रीमसाठी पिठाचं शिजवलेलं बटरक्रीम करा. ते फार गोड नसतं आणि रेशमासारखं पसरतं. मैदा ४० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम आणि दूध २४० मिलिलिटर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळत खळीसारखं घट्ट शिजवा. वर फिल्म टेकवून पूर्ण गार करा. २२५ ग्रॅम लोणी पांढरं होईपर्यंत फेटा आणि ही खळ एकेक चमचा घालत जा. खळ जराशी जरी कोमट असली तर लोणी वितळून सगळं बिघडतं. बाजारच्या काही फॉन्डंटमध्ये आणि मार्शमॅलोच्या फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं. शाकाहारी केक हवा असेल तर पाकीट वाचून घ्या.

प्रश्न: निळं बटरक्रीम हिरवट का दिसतं? आणि व्हाइट चॉकलेटमध्ये रंग घातला की गोळा का होतो?

लोणी मुळात पिवळसर असतं, त्यात निळा मिसळला की हिरवट होणारच. आधी लोणी बराच वेळ फेटून पांढरं करा, मग टूथपिकच्या टोकाएवढा जांभळा रंग घालून पिवळी झाक मारा आणि शेवटी निळा घाला. गडद रंग काही तासांत आणखी खुलतात, म्हणून हव्या त्या छटेच्या जरा अलीकडेच थांबा. लाल आणि काळा हव्या त्या गडदपणापर्यंत न्यायला खूप रंग लागतो आणि चव कडवट होते. काळ्यासाठी सुरुवातच कोको घातलेल्या तपकिरी क्रीमने केली तर रंग कमी लागतो.

चॉकलेटचा गोळा होतो तो पाण्यामुळे. नेहमीच्या जेल रंगात पाणी असतं. चॉकलेटला तेलात मिसळणारे रंगच लागतात.

प्रश्न: सोनेरी चमक आणि ग्लिटरच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय. चालेल?

खाण्याच्या भागावर नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाद्य नव्हे. डबीवर ‘एडिबल’ असा स्पष्ट शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही हवं.

प्रश्न: केक गाडीतून न्यायचाय. घरी रचून न्यावा की तिथे रचावा? आणि इतका मोठा केक कापायचा कसा?

दोन टिअर नीट गार करून, मधला डॉवेल ठोकून रचलेले नेता येतात. त्याहून मोठा असेल तर टिअर वेगवेगळ्या खोक्यांत न्या आणि तिथे रचा. केक सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. मांडीवर तर नकोच. डिकीचा किंवा पायाजवळचा सपाट भाग घ्या, खाली न घसरणारी रबरी चटई अंथरा आणि निघण्याआधीच गाडी आतून गार करून घ्या. सोबत दुरुस्तीची पेटी न्या: त्याच रंगाचं क्रीम भरलेली पायपिंग बॅग, थोडा फॉन्डंट, स्पॅट्युला, स्मूदर, दोन-चार जास्तीचे डॉवेल, कात्री आणि काही सुटी फुलं. सांध्याला लागलेला ओरखडा या फुलांनी झाकता येतो. तिथे पोचल्यावर केक ठेवण्याआधी टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवा. टेबल कललेलं असेल तर पायाखाली पुठ्ठा द्या, केकखाली नको.

कापताना वरून सुरुवात करायची. आधी फुलं, तारा आणि नळ्या काढा, मग मधला डॉवेल ओढून घ्या आणि प्रत्येक टिअर त्याच्या बोर्डसकट उचलून बाजूला ठेवा. गोल केकचे त्रिकोण करू नका, तुकड्यांचा हिशेब चुकतो. २ इंचांवर एक सरळ काप घ्या, ती पट्टी बोर्डवर आडवी पाडा आणि १ इंचाचे तुकडे करा. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून प्रत्येक कापाला वापरा. रचताना किती डॉवेल, स्ट्रॉ आणि तारा घातल्या ते कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद कापणाऱ्याच्या हातात द्या. तेवढे सगळे मोजून बाहेर आल्याशिवाय एकही बशी पाहुण्यांकडे जाऊ देऊ नका.